सातव्या महिन्यातला फोटो

माझा फोटो काढायचा असं सासूबाईंनी ठरवलं, तेव्हा मला सातवा लागला होता. मला फोटो नको होता. नवी साडी, फुलांचे दागिने, डोहाळजेवण, यातलंही काही नको होतं. मला झोप हवी होती आणि तेवढी एक गोष्ट मिळत नव्हती.

भिलाईच्या सेक्टरमधलं आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. नवरा स्टील प्लांटमध्ये, कोक ओव्हनच्या भट्टीला. त्या मे महिन्यात त्यांच्या जोडीचा माणूस आजारी पडला होता, म्हणून त्यांना एकामागून एक नाइट शिफ्टच लागत होत्या. सकाळी घरी यायचे, अंघोळीचं काळं पाणी मोरीत सोडायचे, दोन पोळ्या खायचे आणि मागच्या खोलीत संध्याकाळपर्यंत झोपायचे. कूलर त्याच खोलीच्या खिडकीला, कपाट त्याच खोलीत, कपड्यांची पेटीही तिथंच. आम्ही बायका दिवसभर पुढच्या खोलीत पंख्याखाली घाम पुसत कुजबुजत बोलायचो. हातातून वाटी जरी निसटली तरी सासूबाई माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी प्लांटची भट्टीच विझवली.

सासरे गेल्यावर सासूबाई साकोलीकडचं गाव सोडून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. शेती मोठे दीर बघायचे. दरवर्षी पोळ्याला त्या गावी जायच्या आणि परत आल्या की तीन-चार दिवस माझ्याशी धड बोलायच्या नाहीत. तिथं त्यांना काय ऐकावं लागतं हे मला ठाऊक होतं, कारण तेच मला माहेरी ऐकावं लागायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि माझी कूस उजवली नव्हती. नवस झाले, औषधं झाली, रायपूरचा डॉक्टर झाला. मग सगळ्यांनी विचारणं सोडून दिलं आणि त्यानंतर दिवस राहिले.

पोट दिसायला लागलं तशा सासूबाई बदलल्या. मला पाणी भरू देईनात. दुपारी स्वतः उठून चहा ठेवायच्या. सहावा सरला त्या दिवशी त्या सुपेल्याच्या बाजारातून आल्या, पिशवी पलंगावर ठेवली आणि दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "फोटो काढू तुहा. स्टुडिओत जाऊन सांगून आली मी."

"कायले आई?" मी विचारलं.

"गावातल्या बाया मले काय काय नाई बोलल्या. दरसाल गेली का एकच. सून अजून तशीच हाये काय, म्हने. आता मी काईच बोलत नाई. फोटोच पाठवतो. पोट दिसलं पाह्यजे त्याच्यात, साफ."

पिशवीतून त्यांनी साडी काढली. पोपटी जॉर्जेट, बारीक जरीच्या काठाची. अशी साडी त्यांनी स्वतःसाठी आयुष्यात घेतली नसती. हातावर घेऊन त्यांनी ती झुळझुळ हलवून दाखवली. "आंगाले बसते हे. पोट कसं उठून दिसंल पाय."

मी हो म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होते. नाही म्हटलं की कारण सांगावं लागतं.

मग माझी माय आली. तुमसरकडून पॅसेंजरनं, डोक्यावर तांदळाचं गाठोडं आणि काखेत कापडी पिशवी घेऊन. सातव्यातली ओटी भरायची तर माहेरची साडी हवी, म्हणून तिनं मोहाडीच्या विणकराकडून करवतकाठी आणली होती. गर्द हिरवी, जाड, काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी. उचलली तर हाताला वजन जाणवायचं. मला ती बघताक्षणी आवडली आणि बघताक्षणीच घाम फुटला.

फोटोचं ऐकल्यावर मायचा चेहरा उतरला. सासूबाई अंगणात गेल्या तशी ती माझ्या कानाशी आली. "पोटुशीचा फोटो काढतेत काय कोनी? नजर लागते व बाई. इतक्या वर्सांनी देवानं देल्लं, अन् गावभर दाखवाचं?"

"तूच सांग त्यांना," मी म्हटलं.

ती सांगणार नव्हती. मुलीची आई होती ती. त्या काळात मुलीची आई विहिणीला असं तोंडावर काही सांगत नसे. पण वळसा घालून सांगायची कला तिला येत होती. संध्याकाळी भाजी निवडताना ती म्हणाली, "इहीनबाई, फोटो तं काढाच. पन करवतकाठी नेसवू म्हनतो. दोन्ही खांद्यावरून पदर घेतला तं पोरगी भरल्या घरची दिसते."

"पदरात झाकलं तं मंग गावाले दाखवाचं काय?" सासूबाई म्हणाल्या. "साडी?"

"तसं नाई म्हनत मी."

"जॉर्जेट मी आनली, थे काय पेटीत ठेवाले?"

हे सगळं कुजबुजत. दोघींचे हात भाजीवर, मान खाली आणि आवाज इतका बारीक की बाहेरून कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, दोघी देवाचं नाव घेताहेत.

पुढचे कितीतरी दिवस हे असंच चाललं. दुपारची जेवणं झाली की मला उभं करायच्या. एक दिवस पोपटी, एक दिवस करवतकाठी. सासूबाई पदर ओढून एका खांद्यावर चापून बसवायच्या, म्हणजे पोट मोकळं दिसावं. माय तोच पदर सैल करून पुढं आणायची. "असं पाहा," एक म्हणायची. "हव, पन असंही पाहा," दुसरी म्हणायची. मी हात वर करून उभी. पायांत गोळे यायचे. कमरेपासून खाली सगळं ओझं झालेलं. मधेच बाळ लाथ मारायचं, तेव्हा दोघी एकाच वेळी थांबायच्या, हसायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या.

ब्लाऊजचा प्रश्न निराळाच. एकही अंगात जाईना. मायनं लग्नातला हिरवा ब्लाऊज काढला, बगलेखालची शिवण उसवली, आत दाबलेलं कापड सगळं सोडलं आणि हातशिलाई घातली. तो बसला. बाहीत बोट जाईल एवढी जागाही राहिली. मायनं समाधानानं तो अंगणातल्या दोरीवर टाकला, तर सासूबाईंनी धावत जाऊन आत आणला. आमच्याकडे हवा फिरली की दोरीवरच्या कपड्यांवर प्लांटची लाल भुकटी बसायची. पांढरं कापड तर वाळून घरात येईपर्यंत गुलाबी व्हायचं. मायला हे नवीन होतं. "घरातच वाळवा लागते इहीनबाई इथं," सासूबाईंनी तिला समजावलं. तेवढा वेळ दोघी मैत्रिणींसारख्या बोलल्या.

एका संध्याकाळी नवरा उठून चहा पीत बसले होते. ड्यूटीवर जायला अजून वेळ होता. दोन्ही साड्या खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या. त्यांनी साड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुले कोनती पाह्यजे?"

"मले झोप पाह्यजे," मी म्हटलं.

ते हसले. मला हसू आलं नाही. त्यांनी कप खाली ठेवला आणि जरा ओशाळून म्हणाले, "बरं, मी आईले सांगतो." पण त्यांनी काही सांगितलं नाही. कोक ओव्हनच्या तोंडाशी रात्र काढून आलेल्या माणसाच्या अंगात साडीचं भांडण सोडवण्याइतका जीव उरत नसेल. मी त्यांना तेव्हाही दोष दिला नाही.

शेवटी तोडगा निघाला तो असा की फोटो दोन काढायचे. एक पोपटी साडीत पोट दिसेल असा, गावी पाठवायला. एक करवतकाठीत पदर घेऊन, घरी ठेवायला. स्टुडिओत पडद्यामागे साडी बदलता येते, हे सासूबाई स्वतः बघून आल्या होत्या. तिथल्या भिंतीवर रंगवलेली बाग आहे आणि एक जिना आहे, जो कुठंच जात नाही, हेही त्यांनीच सांगितलं. दोघी खूश झाल्या. मी आतल्या मोरीशी जाऊन थोडी रडले. पडद्यामागे उभं राहून एक साडी फेडायची आणि दुसरी नेसायची, एवढ्या विचारानंच मला रडू आलं होतं.

समोरच्या क्वार्टरमध्ये आंध्राची एक बाई राहायची. क्वार्टरांच्या साऱ्या लाइनीत तिला अम्मा म्हणत. तिच्या अंगणात मोगरा होता आणि फुलांचे दागिने तिच्यासारखे कुणाला जमत नसत. ती माझ्या मनगटाचं आणि दंडाचं माप घ्यायला आली.

"दोनों साड़ी में बैठना पड़ेगा?" तिनं विचारलं आणि मान हलवली. "बेचारी. पर चेहरा देखो, कितना भर गया है. रौनक आ गई."

सगळ्याच असं म्हणत होत्या. चेहरा भरला, तेज आलं, मुलगी होणार, नाही, मुलगाच होणार. मला आरशात स्वतःचे डोळे बारीक झालेले दिसायचे. डोकं दुखायचं. उन्हाळा आहे, म्हणत माय कपाळाला कांद्याचा रस लावायची. सासूबाई बाम लावायच्या. मी दोन्ही लावून घ्यायचे. दवाखान्यात तपासणीला जायचं होतं, ते फोटोनंतरच्या आठवड्यात. मागच्या खेपेला सगळं ठीक होतं.

फोटोचा दिवस आला. स्टुडिओत उन्हं उतरल्यावर जायचं होतं. जेवणं आवरली. मागच्या खोलीत नवरा झोपलेले, कूलरची घरघर चालू. पुढच्या खोलीत चटई टाकून माय आणि सासूबाई सगळं मांडून बसल्या. दोन साड्या, परकर, ब्लाऊज, सुपेल्याहून आणलेल्या हिरव्या बांगड्या. आधी करवतकाठी नेसवायची, कारण तिला वेळ लागतो.

ब्लाऊज दंडापर्यंत आला आणि अडकला. मायनं ओढला. जाईना.

"असं कसं?" ती पुटपुटली. "परवा तं सैल होता."

"उन्हानं आंग फुगते," सासूबाई म्हणाल्या.

मायनं पुन्हा शिवण सोडली. आता सोडायला कापडच उरलं नव्हतं, म्हणून बगलेत तसंच उघडं ठेवलं. पदराखाली कुणाला दिसणार? मग बांगड्या. माझ्या नेहमीच्या मापापेक्षा मोठ्याच घेतल्या होत्या. सासूबाईंनी हाताला साबण लावला, अंगठा आत दाबला, पण बांगडी बोटांच्या मुळाशीच थांबली. "राहू दे, मंग पाहू," त्या म्हणाल्या.

मी उभी होते. मान वर करायला गेले तर पंख्याभोवती चमकणारे ठिपके फिरताना दिसले. करवतकाठीचा काठ मायच्या हातात होता आणि त्याचे ते दात माझ्या डोळ्यांपुढे हलत होते, जवळ येत होते, लांब जात होते. मी म्हटलं, "माय, मले बसू दे."

"झालं बाई, मिऱ्या घातल्या का बस."

ती माझ्या पायाशी गुडघ्यांवर बसली. मिऱ्या सरळ याव्या म्हणून तिनं साडी माझ्या नडगीशी दाबून धरली, मग सोडली. पुन्हा दाबायला गेली आणि थांबली. तिनं साडी बाजूला सारली. जिथं तिचं बोट टेकलं होतं तिथं खड्डा पडला होता. मळलेल्या कणकेत बोट दाबल्यावर पडतो तसा. तो भरून येत नव्हता. तिनं शेजारी दुसरं बोट दाबलं. तिथंही खड्डा.

"इहीनबाई," ती म्हणाली. "हे पाहा."

सासूबाई वाकल्या. त्यांनी आपलं बोट दाबून बघितलं. मग माझा हात हातात घेतला, मनगट दाबलं. मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत प्रत्येक जण माझ्याकडे बघत होता, पण त्या आत्ता ज्या तऱ्हेनं बघत होत्या तसं कुणी बघितलं नव्हतं.

"डोयापुढे अंधारी येते काय तुले?"

"चमकून राहिलं," मी म्हटलं.

त्यांची एक धाकटी बहीण होती, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. ती अशीच फुगली होती, पहिलटकरीण असताना. लोक म्हणाले, काय तेज आलं पोरीच्या चेहऱ्यावर. मग तिला झटके आले. बैलगाडीत घालून नेली, वाटेतच गेली. हे त्यांनी मला पुढं दवाखान्यात सांगितलं. त्या क्षणी त्यांनी काहीच सांगितलं नाही. त्या सरळ झाल्या, मागच्या खोलीचं दार धाडकन लोटलं आणि घरात कुणी कधी ओरडलं नव्हतं अशा आवाजात ओरडल्या, "ऊठ रे! ऊठ आधी! दवाखान्यात जा लागते!"

त्या आवाजानं समोरून अम्मा धावत आली. तिच्या ओच्यात मोगऱ्याच्या कळ्या होत्या, त्या आमच्या उंबऱ्यात सांडल्या. तिचा नवरा स्कूटरवरून जाऊन मार्केटमधून ऑटो घेऊन आला. मायनं अर्धी नेसवलेली साडी माझ्या अंगावरून सोडवली. आतली गाठ काही सुटेना. सासूबाईंनी परकराची नाडी सरळ दातांनी तोडली. मला घरातला जुना गाऊन चढवला, ज्याच्या खांद्याला ठिगळ होतं, आणि ऑटोत बसवलं. सारी लाइन बाहेर येऊन बघत होती. मला लाज वाटायला हवी होती, पण लाज वाटण्याइतकं अंगात काही उरलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बीपी घेतलं, पुन्हा घेतलं आणि नर्सला हळू आवाजात काहीतरी सांगितलं. मग सगळं भराभर झालं. सुई, सलाईन, पडदे ओढलेली कोपऱ्यातली खाट. "रोशनी नहीं, आवाज़ नहीं, उठना नहीं," त्या मला म्हणाल्या. "बस सोना है. समझीं?"

समजले. इतक्या महिन्यांत मला 'झोप' म्हणणारी ती पहिलीच बाई. दवाखान्याचा गाऊन घातला, धुऊन धुऊन विरलेला, मागे नाड्यांचा, आणि मी झोपले. किती झोपले ते माहीत नाही. मधे जाग यायची तेव्हा पायाशी कुणीतरी बसलेलं असायचं. कधी माय, कधी सासूबाई. पाळीपाळीनं आत सोडायचे त्यांना.

एकदा जाग आली तेव्हा दारापलीकडच्या बाकावर दोघी बोलत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "मीच फोटोचा हेका धरला. नजर लागली."

"नाई व इहीनबाई," मायचा आवाज आला. "साडी नेसवाले बसलो म्हनून तं दिसलं. नाई तं कोन पाहाले गेलतं तिच्या पायाकडे?"

मग सासूबाई आत आल्या आणि माझ्या पायांवरची चादर नीट केली.

बीपी उतरेना. बाळाचे अजून दिवस भरले नव्हते. डॉक्टरीणबाई जेवढे दिवस पुढं ढकलता येतील तेवढे ढकलत होत्या. त्यांनी नवऱ्याला खोलीबाहेर नेऊन काय सांगितलं ते मला कुणी सांगितलं नाही. ते परत आले तेव्हा खाटेचा दांडा धरून उभे राहिले. नाइट शिफ्टनंतरचा त्यांचा चेहरा मला माहीत होता. हा तो नव्हता.

त्याच दिवशी दुपारी मी डोळे मिटून पडले होते. झोप लागली आहे असं समजून माय त्यांना म्हणाली, "जावईबापू, एक फोटो काढून घ्या पोरीचा."

"आता? इथं?"

"हव. आताच."

"मामी, तुमीच तं म्हनत होत्या का पोटुशीचा फोटो..."

"घ्या काढून," ती म्हणाली. "लग्नातला सोडला तं तिचा एकही फोटो नाई माह्याजवळ."

मला कळलं ती काय म्हणत होती ते. त्यांनाही कळलं असावं, कारण कॅमेऱ्याची सोय बघायला ते लगेच निघाले. मी डोळे उघडले नाहीत. भीती वाटली का, असं कुणी विचारलं तर खरं सांगायचं म्हणजे नाही वाटली. भीतीसुद्धा अंगात थोडा जीव असेल तेव्हाच वाटते. मला एवढंच वाटलं की आता पुन्हा कुणीतरी मला उठवून बसवणार.

त्यांच्या शिफ्टमधल्या एका बंगाली मित्राकडे कॅमेरा होता. दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेत ते आले. फ्लॅश उडवायचा नाही, या अटीवर सिस्टरनं आत सोडलं. सासूबाई कापडी पिशवी घेऊन आल्या होत्या. खाटेशी उभं राहून त्यांनी ती उघडली. आत दोन्ही साड्या होत्या, घड्या घातलेल्या.

"दोन्ही आनल्या," त्या म्हणाल्या. "तू सांग. तुले कोनती पाह्यजे? अंगावर नुसती टाकतो, नेसाची गरज नाई."

माझ्या उत्तराची वाट बघत त्या उभ्या होत्या. मायही बघत होती. मी विचार केला, खरंच केला. पोपटी साडी आणली तेव्हाचा सासूबाईंचा चेहरा आठवला. करवतकाठीचं ते वजन आठवलं.

"कोनतीच नाई, आई. हात उचलत नाई माह्यानं. असंच काढा."

"या गाऊनमध्ये?"

"हव."

त्यांनी मान डोलावली आणि पिशवी खाटेखाली ठेवली. माझे केस बोटांनीच मागे सारले. मग चादर हातात घेऊन थांबल्या आणि हळूच विचारलं, "पोट झाकू काय?"

उत्तर मायनं दिलं. "राहू द्या, इहीनबाई. दिसू द्या."

सिस्टरनं पडदा थोडा सरकवला. तेवढ्या उजेडात त्या बंगाली दादांनी तीन-चार फोटो काढले. "इधर देखिए भाभी," ते म्हणत होते आणि मी तिकडे बघायचा प्रयत्न करत होते. नंतर ते कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर गेले.

त्यानंतर दोन दिवसांनी ऑपरेशन करून मुलगी झाली. इतकीशी, कातडी लाल, आवाज मांजराच्या पिलासारखा. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. माझं बीपी हळूहळू उतरलं. अंगातलं पाणी ओसरलं तसं माझंच मनगट मला अनोळखी वाटायला लागलं. पेटीतल्या पोरीनं किती दूध पचवलं, हे सासूबाई रोज सिस्टरला विचारून यायच्या आणि मला सांगायच्या, जणू प्लांटचं उत्पादन सांगताहेत. पोरगी जगली. मीही जगले. आम्ही एकाच दिवशी घरी आलो नाही. मी आधी आले. पोरीला घरी न्यायची परवानगी मिळाली तेव्हा पावसाळा लागला होता.

फोटो धुऊन आले. एकच बरा निघाला होता. त्यात उजेड एका बाजूनं पडला आहे. पोट मोठं, ठळक आणि चेहरा सुजून असा झाला आहे की डोळे शोधावे लागतात. सासूबाईंनी तो खिडकीशी नेऊन बघितला. "हे तू नाई वाटत," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तो गावी पाठवला नाही. पाठवू का, असंही कधी विचारलं नाही. मायनं मात्र स्वतःसाठी त्याची दुसरी प्रत काढून मागितली. पोपटी जॉर्जेटची घडी मोडली म्हणून दुकानदार ती परत घेईना. सासूबाईंनी त्याच्याशी भांडून तिच्या बदल्यात दुपट्यांचं कापड आणलं. करवतकाठी मी पोरीच्या बारशाला नेसले. दहा मिनिटांत पुढून दुधानं भिजली आणि मग बदलून टाकली.

घरी आल्यावर आराम मिळेल असं मला वाटलं होतं. लहान वजनाची पोर म्हणजे थोड्या थोड्या वेळानं पाजायचं, कापसानं दूध टिपायचं, अंगाला अंग लावून ऊब द्यायची. नवरा शिफ्टवरून आले की छातीवर तिला घेऊन बसायचे आणि तसेच झोपायचे. माय स्वयंपाकघर बघायची, सासूबाई पोरीचं बघायच्या, मी मधे कुठंतरी. तिघींनाही दिवस कधी उगवतो, कधी मावळतो कळत नव्हतं. वाद घालायला कुणाकडे ताकद नव्हती. फोडणीला मोहरी किती, यावर एकदा दोघींचं सुरू होणार होतं, पण माय बोलता बोलता बसल्या जागी पेंगली.

गावाकडे धानाची रोवणी सुरू होऊन कितीतरी दिवस झाले होते. बापानं दोनदा निरोप पाठवला. शेवटी माय निघाली. पोरीला सासूबाईंपाशी ठेवून मी तिला सोडायला दुर्ग स्टेशनवर गेले. टाका अजून दुखत होता, म्हणून नवरा रिक्षावाल्याला सारखे सांगत होते, "धीरे चलाना भैया." माय खिडकीपाशी बसली. गाडी सुटायची वेळ झाली होती आणि गाडी सुटत नव्हती. तिनं मला पोरीच्या अंगाला तेल कसं लावायचं ते पुन्हा सांगितलं. टाक्याला जपायचं सांगितलं. मग सांगायचं काही उरलं नाही. मी खिडकीच्या गजावर हात ठेवून उभी होते, तिनं त्यावर आपला हात ठेवला.

"जाय आता," ती म्हणाली. "उभी राहू नोको."

"गाडी सुटू दे."

"थे सुटंल तवा सुटंल. तू जाय, पड थोडी."

नवऱ्यानं चहावाल्याकडून तीन चहा घेतले. आम्ही तिघांनी ते प्यायले. मायनं मातीचा कुल्हड खिडकीबाहेर टाकला, डोकं मागच्या फळीला टेकवलं आणि डोळे मिटले. गाडी अजून उभीच होती.